मोडण्यासाठीच बांधलेली नळी

इमारतीचे काम चालू असताना तिच्या चारही बाजूंनी बांबूची परांची उभारलेली तुम्ही पाहिली असेल. काम संपले की परांची सोडवतात आणि तेच बांबू दुसऱ्या इमारतीला वापरतात. परांची बांधताना घट्टपणा जितका महत्त्वाचा, तितकेच ती वेळेवर सोडवता येणेही महत्त्वाचे असते. कायमची पक्की झालेली परांची कुणाच्याच उपयोगाची नाही.

आपल्या शरीरातील प्रत्येक विभागणाऱ्या पेशीत अशीच एक परांची उभी राहते आणि काम होताच मोडते. रक्तातील तांबड्या पेशीच घेतल्या, तरी दर सेकंदाला वीस लाखांच्या आसपास नव्या तांबड्या पेशी आपल्या शरीरात तयार होतात. त्यासाठी अस्थिमज्जेतील मूळ पेशी सतत विभागत असतात. प्रत्येक विभाजनाच्या वेळी गुणसूत्रांचे दोन सारखे वाटे करून ते पेशीच्या दोन टोकांकडे ओढावे लागतात. हे ओढण्याचे काम ज्या दोरांनी होते त्यांना सूक्ष्मनलिका म्हणतात. या नलिका ज्या प्रथिनाच्या बनलेल्या असतात त्याचे नाव ट्यूब्युलिन. जपानी शास्त्रज्ञ हिदेओ मोहरी यांनी हे नाव १९६८ साली सुचवले.

या प्रथिनाचे वैशिष्ट्य असे, की नलिका मोडण्याची व्यवस्था ती बांधतानाच करून ठेवलेली असते. ही व्यवस्था कोणती, आणि निरनिराळ्या सजीवांमध्ये ती कशी आढळते, हे या लेखात पाहू.

नळी आणि तिच्या विटा

सूक्ष्मनलिकेचा बाहेरचा व्यास सुमारे २५ नॅनोमीटर असतो. एक नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. साध्या सूक्ष्मदर्शकातून ही नळी नीट दिसणे शक्य नव्हते. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक आला आणि पेशी टिकवून ठेवण्याच्या चांगल्या पद्धती सापडल्या, तेव्हा म्हणजे १९६३ च्या सुमारास वनस्पती व प्राणी या दोन्हींच्या पेशींत या नळ्या स्पष्ट दिसू लागल्या.

नळीची प्रत्येक वीट जोडविटेसारखी असते. तिच्यात आल्फा ट्यूब्युलिन आणि बीटा ट्यूब्युलिन असे दोन जवळजवळ सारखे भाग एकमेकांना चिकटलेले असतात. प्रत्येक भागात सुमारे ४५० ॲमिनो अम्ले असतात. जोडविटेची लांबी ८ नॅनोमीटर भरते. अशा विटा एकापुढे एक लागून एक धागा तयार होतो आणि सर्वसाधारणपणे १३ धागे शेजारी शेजारी उभे राहून पोकळ नळी बनते.

आता एक छोटे गणित करू. एक मायक्रोमीटर म्हणजे १,००० नॅनोमीटर. एका धाग्यात एवढ्या लांबीसाठी १,००० ÷ ८ = १२५ विटा लागतील. धागे १३, म्हणून एकूण विटा १२५ × १३ = १,६२५. हा आकडा लक्षात ठेवा, तो पुढे उपयोगी पडणार आहे.

विटेत भरलेली ऊर्जा

जोडविटेच्या प्रत्येक भागात एक न्यूक्लिओटाइड बसलेले असते. त्याचे नाव ग्वानोसीन ट्रायफॉस्फेट, थोडक्यात जीटीपी. एटीपी या ऊर्जा पुरवणाऱ्या रेणूशी तुमची ओळख असेल. जीटीपी हा त्याचाच भाऊ. त्याला तीन फॉस्फेट गट शेपटीसारखे जोडलेले असतात. शेवटचा गट आणि त्याच्या आधीचा गट यांच्यामधील बंध पाण्याच्या रेणूने तुटला, की दोन फॉस्फेट गटांचे जीडीपी आणि एक सुटे फॉस्फेट तयार होते. पाण्याने होणाऱ्या या फोडणीला रसायनशास्त्रात जलीय विच्छेदन म्हणतात.

या विच्छेदनातून किती ऊर्जा मिळते? पेशीतील परिस्थितीत एका रेणूमागे सुमारे ८ × १० चा उणे २० वा घात इतके जूल. आकडा फार लहान वाटतो. पण रेणूंच्या जगात मोजपट्टीही तशीच हवी. शरीराच्या तापमानाला रेणूंच्या अखंड धडपडीत जी औष्णिक ऊर्जा असते, तिचे माप बोल्ट्झमन स्थिरांक आणि निरपेक्ष तापमान यांच्या गुणाकाराने मिळते. ३७ अंश सेल्सिअसला म्हणजे ३१० केल्विनला ते सुमारे ४.३ × १० चा उणे २१ वा घात जूल येते. भागाकार केला तर उत्तर जवळजवळ २० येते. याचा अर्थ असा, की एक जीटीपी फुटल्यावर मिळणारी ऊर्जा ही आसपासच्या रेणूंच्या सहज धक्क्यापेक्षा वीसपट मोठी असते. एका प्रथिनाचा आकार बदलायला ती भरपूर झाली.

सुटी जोडवीट किंचित वाकलेली असते. नळीत बसताना तिला सरळ व्हावे लागते. बीटा भागात जीटीपी असले तर ती शेजारच्या विटांशी घट्ट जुळून सरळ राहते. पण तेथील जीटीपी फुटून जीडीपी झाले, की तिचा ओढा पुन्हा वाकण्याकडे होतो. मात्र ती आता चहूबाजूंनी विटांत अडकलेली असते, त्यामुळे तिला वाकता येत नाही. दाबून सरळ केलेल्या कामटीसारखी ती ताणलेल्या अवस्थेत राहते. जीटीपीच्या ऊर्जेचा एक भाग अशा रीतीने नळीच्या भिंतीत साठून राहतो.

कात्री कोणाच्या हाती?

सुट्या जोडविटेतील जीटीपी सहजासहजी फुटत नाही. वीट नळीत बसल्यावर मात्र ते लवकर फुटते. हे का होते, त्याचे उत्तर १९९८ साली मिळाले. त्या वर्षी एव्हा नोगालेस, शेरॉन वुल्फ आणि केनेथ डाउनिंग यांनी ट्यूब्युलिनच्या पातळ पत्र्यांवर इलेक्ट्रॉन सोडून त्या रेणूची अंतर्गत रचना प्रसिद्ध केली.

या रचनेवरून दिसले, की जीटीपी फोडण्याचे साहित्य एका विटेत पूर्ण नसतेच. जीटीपी असते खालच्या विटेच्या बीटा भागात. ते फोडण्यासाठी पाण्याचा रेणू नेमक्या जागी धरून ठेवायचा असतो आणि ते काम करते वर येऊन बसलेल्या पुढच्या विटेचा आल्फा भाग. त्याच्या साखळीतील २५४ क्रमांकाचे ॲमिनो अम्ल म्हणजे ग्लुटामिक अम्ल, हे त्या कात्रीचे पाते. कागद एकाच्या हाती आणि कात्री दुसऱ्याच्या हाती, असा हा प्रकार आहे. दोघे एकत्र आल्याशिवाय कापणे होत नाही. म्हणून सुट्या विटा आपली ऊर्जा फुकट घालवत नाहीत.

आता आल्फा भागातल्या जीटीपीचे काय? त्याच्यावर त्याच जोडविटेचा बीटा भाग टेकलेला असतो. पण बीटाच्या साखळीत त्या जागी ग्लुटामिक अम्लाऐवजी लायसीन असते. लायसीन हे काम करू शकत नाही. म्हणून आल्फामधील जीटीपी कधीच फुटत नाही. ते नुसते खिळ्यासारखे दोन भागांना जोडून ठेवते. एका ॲमिनो अम्लाच्या फरकाने एका जागी ऊर्जेचे कोठार आणि दुसऱ्या जागी साधा खिळा, अशी वाटणी झाली आहे.

टोपी गेली की नळी गेली

नळीच्या टोकाला नव्या विटा येत असतात. त्यांच्यातील जीटीपी अजून फुटलेले नसते. त्यामुळे टोकाशी काही थर सरळ आणि मजबूत विटांचे असतात, आणि त्यांच्यामागची सगळी नळी ताणलेल्या विटांची असते. टोकावरच्या या थरांना जीटीपीची टोपी म्हणतात. वाकड्या कामट्यांची जुडी सरळ करून तिच्या तोंडाशी कडे बसवावे, तसे या टोपीचे काम असते. कडे आहे तोवर जुडी सरळ. कडे निसटले की कामट्या फाकतात.

नव्या विटा येण्याचा वेग मंदावला, तर मागून येणारी फोडणी टोकाला गाठते आणि टोपी नाहीशी होते. मग तेराही धागे केळ्याच्या सालीसारखे बाहेर वळत सुटतात आणि नळी झपाट्याने आखूड होते. १९८४ साली अमेरिकेत टिमोथी मिचिसन आणि मार्क किर्शनर यांनी दाखवून दिले, की एकाच द्रावणात काही नळ्या वाढत असतात आणि त्याच वेळी काही कोसळत असतात. या वागण्याला त्यांनी गतिक अस्थिरता असे नाव दिले.

परीक्षानळीत मेंदूपासून काढलेल्या ट्यूब्युलिनची नळी मिनिटाला एकदोन मायक्रोमीटर वाढते. पण कोसळताना मिनिटाला वीसपंचवीस मायक्रोमीटर आखूड होते. मघाचा आकडा आठवा. मिनिटाला २५ मायक्रोमीटर म्हणजे २५ × १,६२५ विटा. त्याला ६० ने भागले तर दर सेकंदाला सुमारे ६७७ विटा गळतात! गळालेल्या विटा वाया जात नाहीत. त्यांच्यातील जीडीपीच्या जागी नवे जीटीपी येते आणि त्या पुन्हा बांधकामाला तयार होतात.

पेशीला या उधळपट्टीचा फायदा काय? पेशीविभाजनाच्या वेळी नळ्यांना गुणसूत्रे शोधायची असतात. नळ्या सर्व दिशांना वाढतात. जिला गुणसूत्र सापडते ती टिकते, जिला सापडत नाही ती कोसळून दुसऱ्या दिशेने प्रयत्न होतो. पुढे गुणसूत्राला धरून नळी आखूड होऊ लागली, की गुणसूत्र टोकाकडे ओढले जाते.

न मोडणारी नळी

कात्रीचे पाते काढून टाकले तर काय होईल? पाव फुगवण्यासाठी वापरतात त्या यीस्टवर हा प्रयोग झाला आहे. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या या कामात यीस्टच्या आल्फा ट्यूब्युलिनमधील ते ग्लुटामिक अम्ल बदलून त्या जागी ॲलनीन हे निरुपयोगी ॲमिनो अम्ल घातले. विशेष म्हणजे पेशीत चांगले ट्यूब्युलिनही तयार होत असताना बदललेल्या ट्यूब्युलिनने पेशी मेल्या. त्यांच्या नळ्या बनत होत्या, पण मोडत नव्हत्या. पुढे २०२२ साली मानवी ट्यूब्युलिनमध्ये हाच बदल करून पाहिला, तेव्हाही जीटीपी न फुटलेल्या अतिशय स्थिर नळ्या मिळाल्या. यीस्ट आणि माणूस यांच्यात केवढे अंतर! तरी कात्री तीच आणि जागाही तीच.

जीवाणूंमधील भावंड

जीवाणूंमध्ये सूक्ष्मनलिका नसतात असे पुष्कळ वर्षे मानले जाई. १९९१ साली आंत्रात राहणाऱ्या एश्चेरिकिया कोलाय या जीवाणूत असे आढळले, की विभाजनाच्या वेळी पेशीच्या मध्यावर एका प्रथिनाचे कडे तयार होते. या प्रथिनाला एफटीएसझेड म्हणतात. ते बिघडले तर जीवाणू विभागत नाही, नुसता लांब धाग्यासारखा वाढत राहतो. पुढच्याच वर्षी तेही जीटीपी फोडते असे दिसून आले.

मग १९९८ साली, ट्यूब्युलिनच्याच बरोबर, खोल समुद्रातील उष्ण झऱ्यांजवळ सापडलेल्या एका सूक्ष्मजीवाच्या एफटीएसझेडची रचना यान लोव्ह आणि लिंडा ॲमॉस यांनी प्रसिद्ध केली. दोन्ही चित्रे शेजारी ठेवली तर घडण हुबेहूब सारखी! ॲमिनो अम्लांचा क्रम मात्र फार थोडा जुळतो. जुळतो तो नेमका जीटीपी धरणारा सात ॲमिनो अम्लांचा तुकडा. अब्जावधी वर्षांत बाकी सारे बदलले, पण न्यूक्लिओटाइड धरण्याची मूठ तशीच राहिली.

फोडण्याची रीतही तीच आहे. एका रेणूतील जीटीपीवर पुढच्या रेणूची कात्री चालते. फरक असा, की येथे आल्फा आणि बीटा असे दोन भाग नाहीत. सगळ्या विटा एकाच प्रकारच्या, म्हणून प्रत्येक विटेतील जीटीपी फुटू शकते. येथे नळीही बनत नाही. आखूड धागे बनतात. त्यांच्या एका टोकाला विटा लागतात आणि दुसऱ्या टोकाच्या गळतात, त्यामुळे धागा कड्यावरून पुढे सरकत असल्यासारखा दिसतो. २०१७ साली हे सरकणे जिवंत जीवाणूंत प्रत्यक्ष मोजले गेले. वेग निघाला सेकंदाला सुमारे ३० नॅनोमीटर. पेशीभित्ती बांधणारी एंझाइमे या धाग्यांबरोबर फिरत राहतात आणि त्यामुळे मधली भिंत सगळीकडे सारखी बांधली जाते.

येथे एक गमतीची गोष्ट आढळली. बॅसिलस सब्टिलिस या जीवाणूत जीटीपी फोडण्याचा वेग कमी केला तर मधली भिंत बांधण्याचा वेगही कमी होतो. एश्चेरिकिया कोलायमध्ये मात्र तसे घडत नाही. तेथे भिंतीचा वेग दुसऱ्याच गोष्टींवर ठरतो. यंत्र एकच असले, तरी कारखान्यात त्याला दिलेले काम निराळे असू शकते.

हे भावंड वनस्पतींच्या हरितलवकांतही सापडते. हरितलवके ही मुळात प्राचीन जीवाणूंची वंशज आहेत, याला त्यामुळे आणखी दुजोरा मिळतो. प्रोस्थेकोबॅक्टर नावाच्या जीवाणूत तर ट्यूब्युलिनसारख्याच दोन प्रकारच्या विटा आहेत, आणि त्यांची नळी अवघ्या ४ धाग्यांची असते. जीवाणूंवर जगणाऱ्या काही विषाणूंजवळही अशी विटांची योजना आहे. आपला डीएनए जीवाणूच्या मध्यभागी नेऊन ठेवण्यासाठी ते तिचा उपयोग करतात.

थंडी, ऊब आणि धाग्यांची संख्या

गाईच्या मेंदूतील ट्यूब्युलिन ३७ अंशांना भराभर नळ्या बनवते, पण द्रावण बर्फात ठेवले की नळ्या विरघळून जातात. मग अंटार्क्टिका खंडाभोवतीच्या समुद्रात मासे कसे जगतात? तेथील पाणी उणे १.९ अंशांपर्यंत थंड असते. खारे असल्यामुळे ते गोठत नाही. या माशांच्या ट्यूब्युलिनमध्ये काही मोजक्या ॲमिनो अम्लांचे बदल झालेले आहेत. त्यामुळे त्यांच्या नळ्या त्या थंडीतही बनतात आणि टिकतात. मात्र त्यांची वाढ आणि मोड संथपणे चालते.

सीनोऱ्हॅब्डायटिस एलेगन्स या मातीतील एक मिलिमीटर लांबीच्या गोलकृमीच्या बहुतेक पेशींतील नळ्या ११ धाग्यांच्या असतात, तर स्पर्श ओळखणाऱ्या चेतापेशींत त्या १५ धाग्यांच्या असतात. या कृमीच्या ट्यूब्युलिनची नळी गाईच्या ट्यूब्युलिनपेक्षा पुष्कळ वेगाने वाढते. जीटीपी फोडण्याचा मूळ नियम सगळीकडे एक. वेग, तापमान आणि धागे ज्याच्या त्याच्या गरजेप्रमाणे.

फरकावर चालणारे औषध

हे सारे वाचून एखाद्याला वाटेल, की माशांच्या आणि कृमींच्या ट्यूब्युलिनशी आपल्याला काय करायचे आहे? उत्तर तुमच्या शाळेतच आहे. राष्ट्रीय जंतनाशक दिनाला (हा उपक्रम २०१५ साली सुरू झाला) मुलांना जी चघळायची गोळी देतात, तिच्यात अल्बेंडाझोल हे औषध असते. हे औषध पोटातील जंतांच्या बीटा ट्यूब्युलिनला घट्ट चिकटते. जंतांच्या नळ्या बनेनाशा होतात, त्यांच्या आतड्यातील पेशींना साखर शोषता येत नाही आणि जंत उपासमारीने मरतात. आपल्या ट्यूब्युलिनला मात्र हे औषध फारसे चिकटत नाही, कारण त्या खोबणीतील काही ॲमिनो अम्ले वेगळी आहेत. मुलाच्या पोटात गोळी एकच जाते, पण जंत मरतो आणि मूल सुखरूप राहते, ते या थोड्याशा फरकामुळे.

पण हा फरक पुसलाही जाऊ शकतो. मेंढ्यांच्या पोटातील एका कृमीत बीटा ट्यूब्युलिनमधील २०० क्रमांकाच्या फेनिलॲलनीनच्या जागी टायरोसीन आले. दोन ॲमिनो अम्लांत एका ऑक्सिजन अणूचा काय तो फरक. तेवढ्याने औषध चिकटेनासे झाले! तेच औषध वारंवार दिलेल्या कळपांत असे कृमी वाढत गेले. म्हणून जंताचे औषध सांगितल्याप्रमाणे आणि सांगितले तेव्हाच घ्यावे, आणि हात धुणे, चप्पल घालणे, शौचालय वापरणे हे उपाय सोडू नयेत.

उलट बाजूचे उदाहरण आपल्या रानात आहे. पावसाळ्यात कुंपणांवर लाल-पिवळ्या ज्वाळांसारखी फुले येणारी कळलावी तुम्ही पाहिली असेल. तिच्या कंदात व बियांत कोल्चिसिन असते. हे द्रव्य प्राण्यांच्या ट्यूब्युलिनला चिकटते आणि विटेला सरळ होऊ देत नाही. म्हणून ही वनस्पती अत्यंत विषारी आहे. तिच्या कंदाला हात लावून प्रयोग करू नका. वैद्यकात मात्र हेच द्रव्य अगदी अल्प मात्रेत गाऊट या सांध्यांच्या रोगावर देतात. वनस्पतींच्या ट्यूब्युलिनला कोल्चिसिन फार कमी चिकटते. त्यांचे पेशीविभाजन थांबवायला कितीतरी तीव्र द्रावण लागते.

विद्यार्थी मित्रांनो, शेवटी तुमच्यासाठी एक प्रश्न. १० मायक्रोमीटर लांबीची १३ धाग्यांची नळी बांधताना किती जीटीपी रेणू फुटतील? तीच नळी गोलकृमीच्या ११ धाग्यांची असेल तर किती? उत्तर काढताना आल्फा भागातील जीटीपी मोजायचे की नाही, याचा आधी विचार करा. तेथे चुकलात तर उत्तर बरोबर दुप्पट येईल!